भ्रम की कटसिद्धान्त? टॉवर पेटवणाऱ्या एका आरोपीचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातलं वय, व्यवसाय, नातेसंबंध आणि घटनांच्या वेळा बदलल्या आहेत, आणि तशाच इतर प्रकरणांतले काही तपशील यात मिसळले आहेत. आरोपीचा उल्लेख ‘क्ष’ असा केला आहे.

पार्श्वभूमी

क्ष हे ४४ वर्षांचे, विजेच्या उपकरणांची देखभाल करणारे तंत्रज्ञ. अविवाहित. आईबरोबर राहायचे, घटनेच्या साधारण दीड वर्ष आधी आई वारली, तेव्हापासून एकटे. धाकटी बहीण दुसऱ्या गावी. पूर्वी कधी मानसिक आजाराचे उपचार नाहीत, पोलिसांत नोंद नाही, दारू किंवा अमली पदार्थांचं व्यसन नाही.

एका रात्री दोनच्या सुमारास त्यांनी घराजवळच्या मोबाइल टॉवरचं कुंपण कापलं आणि खालच्या उपकरणांच्या पेटीत चिंध्या कोंबून पेटवून दिल्या. त्याआधी कॅमेऱ्यावर कापड टाकलं होतं, हातमोजे घातले होते. पहारेकऱ्याला हाक मारून “लांब हो, इथे आग लागणार आहे” असंही सांगितलं होतं. पहारेकरी लांब झाला नाही. तो आग विझवायला धावला आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. क्ष पळाले नाहीत. पोलिस आले तेव्हा ते कुंपणाबाहेर उभे राहून टॉवरच्या शेंड्याकडे बघत होते. पोलिसांना त्यांनी एवढंच सांगितलं: “या टॉवरमधून लोकांवर प्रयोग चाललेत. कुणी ऐकत नव्हतं, म्हणून मी केलं.”

त्यांच्या फोनवर एक संदेशगट सापडला. मोबाइल टॉवरच्या लहरींनी माणसं आजारी पाडली जातात, सरकारं आणि कंपन्या मिळून हे दडवतात, असं मानणाऱ्या शेकडो लोकांचा. मोठी शक्ती गुपचूप कट करतेय, या अशा समजालाच कटसिद्धान्त म्हणतात. असा गट म्हणजे काही आक्रीत नव्हे. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमध्ये फाइव्ह-जीचा संबंध कोविडशी जोडणाऱ्या अफवा पसरल्या आणि अनेक टॉवरना आगी लावल्या गेल्या. अशा गटांना धरायला एक खुंटीही मिळते: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात, म्हणजे २-ब मध्ये टाकलं आहे. या वर्गीकरणाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, एवढाच. गटात त्याचं भाषांतर ‘सिद्ध झालं आहे’ असं व्हायचं.

दोन तज्ज्ञ, दोन उत्तरं

सरकारी पक्षाच्या मनोविकारतज्ज्ञांनी क्ष यांना कोठडीत एकदा, सुमारे पाऊण तास भेटून अहवाल दिला. मानसिक आजार नाही. आरोपीचा विश्वास चुकीचा असला तरी तो हजारो लोकांचा आहे. बोलणं सुसंगत आहे, कृत्य नियोजनपूर्वक आहे.

बचाव पक्षाच्या तज्ज्ञांनी त्यांना दोनदा भेटून ‘छळाचा भ्रम असलेला भ्रमविकार’, म्हणजे घट्ट भ्रम हेच मुख्य लक्षण असलेला आजार, असं निदान केलं. आधारासाठी पाच मुद्दे मांडले होते. सरकारी वकिलांनी गटातले संदेश न्यायालयात वाचून दाखवले, तेव्हा पाचांतले तीन मुद्दे त्या संदेशांतून जवळपास शब्दशः आलेले निघाले. मग हे तीन मुद्दे भ्रमाचा पुरावा असतील, तर गटातले सगळेच मनोरुग्ण का, या प्रश्नाला तज्ज्ञांकडे उत्तर नव्हतं. त्यांचं निदान पुढे बरंचसं बरोबर ठरलं. पण चुकीच्या पायावर उभं केलेलं बरोबर निदान न्यायालयात टिकत नाही आणि त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. उलटतपासणीनंतर न्यायाधीशांचा तो अहवाल बाजूला ठेवण्याकडेच कल दिसत होता.

न्यायालयाने तिसरं मत मागवलं. मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि मनोसामाजिक कार्यकर्ता अशा आमच्या तिघांच्या पथकाला तीन प्रश्न दिले होते. आज आजार आहे का? घटनेच्या वेळी होता का, आणि असल्यास कृत्याशी त्याचा संबंध काय? खटल्याला सामोरं जाण्याची मानसिक क्षमता आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लवकर मिळालं. आरोप काय आहे, वकील कशासाठी असतो, गुन्हा कबूल केला तर काय होईल, हे सगळं क्ष नीट सांगू शकत होते. अडचण पहिल्या दोन प्रश्नांची होती.

मजकुरावर का विसंबता येत नाही

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या डीएसएम-५ (२०१३) या निदानाच्या पुस्तिकेत भ्रमाची व्याख्या आहे ती विरोधी पुरावा समोर आला तरी न बदलणारा ठाम विश्वास अशी. ही कसोटी एकटीच लावली तर जगातले कितीतरी राजकीय कार्यकर्ते भ्रमिष्ट ठरतील. म्हणून दुसरी कसोटी जोडावी लागते: त्या माणसाच्या संस्कृतीत किंवा उपसंस्कृतीत हा विश्वास सर्रास मानला जातो का? इंटरनेटने नेमकी हीच कसोटी अवघड करून ठेवली आहे. कुठल्याही कल्पनेला आज तिची उपसंस्कृती सापडते.

नॉर्वेतल्या आंदर्स ब्रेविकचं उदाहरण यात सगळ्यांना आठवतं. २२ जुलै २०११ ला त्याने ७७ माणसं मारली. न्यायालयाने नेमलेल्या पहिल्या दोन तज्ज्ञांनी त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं सांगितलं. दुसऱ्या जोडीने तो मनोविकृत अवस्थेत नव्हता असं म्हटलं. ऑगस्ट २०१२ मध्ये न्यायालयाने दुसरं मत मान्य करून त्याला जबाबदार धरलं. पहिल्या अहवालावर झालेल्या टीकेतला एक मोठा मुद्दा असा होता, की ब्रेविकची जी भाषा विचित्र आणि स्वतः बनवलेली वाटली, ती अतिउजव्या इंटरनेट-वर्तुळात रोज वापरली जात होती. मनोविकारतज्ज्ञ ताहिर रहमान आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या प्रकरणावर लिहिताना ‘टोकाची अतिमूल्यित श्रद्धा’ ही कल्पना पुढे मांडली. तिचं मूळ जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल वेर्निकेच्या १८९२ मधल्या मांडणीत आहे. अशी श्रद्धा इतरांबरोबर वाटून घेतलेली असते, माणूस ती हौसेने जोपासतो, तिचं समर्थन करतो, आणि हळूहळू ती त्याच्या आयुष्याचा ताबा घेते.

ब्रेविकच्या पहिल्या अहवालात उपसंस्कृती न ओळखल्यामुळे आजार दिसला, असं टीकाकारांचं म्हणणं. आमच्या प्रकरणात धोका बरोबर उलटा होता. उपसंस्कृती इतकी ठळक समोर होती, की तिच्यामागे आजार असेल तर तो दिसणारच नव्हता.

तपासलेले पर्याय

सुरुवातीला आम्ही पाच शक्यता उघड्या ठेवल्या: आजार नसलेला कटसिद्धान्ताचा कट्टर समर्थक, भ्रमविकार, स्किझोफ्रेनिया, शारीरिक कारणाने आलेला मनोविकार, आणि शिक्षा टाळण्यासाठीचा बनाव.

शारीरिक कारणं आधी तपासली. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा मनोविकाराची लक्षणं दिसली, तर हे तपासण्याला पर्याय नाही. थायरॉइड, बी-१२, लघवीतले अमली पदार्थ, मेंदूचा एमआरआय, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद), आणि श्रवणचाचणी. ऐकू कमी येणाऱ्या माणसात संशय वाढू शकतो, म्हणून ही शेवटची. सगळं ठीक निघालं.

बनावाची शंका उलट दिशेने सुटली. क्ष आजारी असल्याचं दाखवत नव्हते, ते लपवत होते. बनाव ओळखण्याच्या रचनाबद्ध मुलाखतीत अतिरंजित लक्षणं विचारली की ते चिडायचे. दुसऱ्या भेटीत म्हणाले, “डॉक्टर, मला वेडा ठरवलं की माझं म्हणणं आपोआप खोटं ठरतं. मला ते नकोय. मी जेल पत्करतो.” माझ्या मते या एका वाक्याने पहिल्या अहवालाचा खुलासा होतो. पाऊण तासाच्या भेटीत त्यांनी सरकारी तज्ज्ञांना जे सांगितलं, ते चारचौघांत सांगण्याजोगं होतं. ते गटाचं म्हणणं होतं. स्वतःचं त्यांनी आत ठेवलं.

उरल्या तीन शक्यता, आणि त्यांच्यात निवड करायला टॉवरबद्दलच्या वादाचा काहीच उपयोग नव्हता.

मुलाखतीत काय विचारलं

पहिला निर्णय असा घेतला, की टॉवर घातक आहेत की नाहीत या चर्चेत शिरायचं नाही. आमच्यातल्या एकाचं मत वेगळं होतं. विरोधी पुरावा ठेवल्याशिवाय विश्वास किती घट्ट आहे ते कसं कळणार, असं त्याला वाटत होतं. पण लहरींवर वाद घातला असता तर क्ष यांनी गटातली सगळी माहिती आमच्यापुढे मांडली असती आणि आम्ही पुन्हा पहिल्या अहवालाच्याच जागी पोचलो असतो. म्हणून प्रश्न बदलले. हे तुम्हाला पहिल्यांदा कधी आणि कसं कळलं? हे कुणाकुणाच्या बाबतीत होतं? गटातल्या लोकांना हे पटतं का? आणि हे खोटं असतं, तर काय वेगळं दिसलं असतं?

‘कसं कळलं’ या प्रश्नाला कटसिद्धान्त मानणारे लोक सहसा वाट सांगतात: एक व्हिडिओ पाहिला, मग दुसरा, मग एका ओळखीच्याने काहीतरी पाठवलं, मग मी वाचत गेलो. क्ष यांनी एक क्षण सांगितला. आई गेल्यावर काही आठवड्यांनी ते रात्री खिडकीत उभे होते. टॉवरच्या शेंड्यावरचा, विमानांना दिसावा म्हणून लावलेला लाल दिवा लुकलुकला, “आणि मला कळलं.” काय कळलं? “की ते मला बघतायत.” त्याआधी कित्येक दिवस सगळं काहीतरी बदललंय, काहीतरी घडणार आहे, असं त्यांना वाटत होतं. जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल यास्पर्सने १९१३ मध्ये वर्णन केलेली ही भ्रमपूर्व मनःस्थिती, आणि तिच्या पाठोपाठ आलेलं भ्रमात्मक आकलन. दिसलं ते खरं होतं. दिवा खरोखर लुकलुकला. त्याला अर्थ मात्र कुठल्याही पायरीशिवाय, एकदम चिकटला.

क्ष यांचा व्यवसाय विजेचा. म्हणून आम्ही विचारलं, असा दिवा एरवी कशामुळे लुकलुकतो? त्यांनी फार छान समजावून सांगितलं: सैल जोडणी, ओलावा, दिव्याला वीज पुरवणारा भाग (ड्रायव्हर) खराब, व्होल्टेजची चढउतार. मग इथे यातलं काही असेल का? “दुसऱ्या टॉवरवर असेल. या टॉवरवर नाही.” दुसऱ्याला लागू होणारं स्पष्टीकरण त्यांना पूर्ण माहीत होतं आणि पटतही होतं. फक्त स्वतःपाशी आलं की ते थांबायचं.

तुलनेसाठी डिसेंबर २०१६ मधली वॉशिंग्टनमधली घटना आठवावी. एका पिझ्झेरियात मुलांना डांबून ठेवलंय या इंटरनेटवरच्या कटकथेवर विश्वास ठेवून एक तरुण रायफल घेऊन आत शिरला, गोळ्या झाडल्या, खोल्या तपासल्या, मुलं सापडली नाहीत तेव्हा बाहेर येऊन पोलिसांच्या स्वाधीन झाला. पुढे त्याने गुन्हा कबूल केला आणि २०१७ मध्ये त्याला ४ वर्षांची शिक्षा झाली. त्याचा विश्वास घातक होता, पण तो इतरांबद्दलचा होता आणि तो तपासायला गेला होता. क्ष यांनी टॉवर तपासला नाही. त्यांना ती गरजच वाटली नव्हती.

वही, गट आणि बहीण

निर्णायक माहिती मुलाखतीबाहेरून आली.

घराच्या झडतीत एक वही जप्त झाली होती, पण दोन्ही आधीच्या तज्ज्ञांनी ती पाहिली नव्हती. देखभालीच्या कामात ठेवतात तशी, रकाने आखलेली: वेळ, विचार, दिवा. एका पानावर असं होतं: “२.१०. आईचा विचार. दोनदा.” “२.१४. काही नाही. शांत.” “२.१५. तिला दवाखान्यात उशिरा नेलं. सलग चार, जोरात.” पुढे काही पानांनी चौथा रकाना आला, ‘काढलं’, आणि त्यात बरोबरच्या खुणा. क्ष यांना विचारलं तेव्हा म्हणाले, दिवा असा लुकलुकला की डोक्यातला तो विचार जायचा, जागा मोकळी व्हायची, तिथे हात घातला तर काही लागत नसे. विचार बाहेरून काढून घेतले जाण्याचा हा अनुभव होता. त्याच भेटीत त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की रात्री टॉवरवरून दोन माणसांचं बोलणं ऐकू येतं: “तो उठला. आता खिडकीशी आला.” कटसिद्धान्तात असं काहीही नसतं. ते भास होते.

गटातले संदेश मिळायला सहा आठवडे गेले, कारण फोन सीलबंद होता आणि तो उघडायला स्वतंत्र आदेश लागला. सुरुवातीचे क्ष यांचे संदेश बाकीच्यांसारखेच होते आणि त्यांना दादही मिळायची. मग ते लाल दिव्याबद्दल, स्वतःच्या विचारांबद्दल लिहू लागले. आधी उत्तरं थांबली. मग एकाने ‘झोप पुरेशी घ्या’ असं लिहिलं. घटनेच्या तीन आठवडे आधी गटाच्या चालकाने त्यांना गटातून काढलं. शेवटचा संदेश असा होता: “भाऊ, राग मानू नका. आम्ही सगळ्या लोकांबद्दल बोलतोय. तुम्ही फक्त स्वतःबद्दल बोलताय. एखाद्या डॉक्टरला दाखवा.”

उपसंस्कृतीच्या कसोटीचं इतकं स्पष्ट उत्तर मी क्वचित पाहिलं आहे. ‘हा विश्वास हजारो लोकांचा आहे’ हा पहिल्या अहवालाचा आधार होता. त्या हजारोंपैकी ज्यांनी क्ष यांना जवळून ऐकलं, त्यांना तो आपला वाटला नव्हता. कटसिद्धान्तात ‘ते’ आणि ‘आपण’ असतात. क्ष यांच्या जगात ‘ते’ होते आणि ‘मी’ होतो.

बहिणीने काळाचा क्रम लावून दिला. दिव्याचं बोलणं आईच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांत सुरू झालं. गटात ते त्यानंतर जवळपास अर्ध्या वर्षाने सामील झाले. मधल्या काळात नोकरी सुटली, वजन उतरलं, ते न्हाणीघरात झोपू लागले, कारण तिथे खिडकी नव्हती. “दादा आधीपासूनच तसा वागत होता,” ती म्हणाली, “नंतर त्याला ते लोक भेटले तेव्हा मला वाटलं, बरं झालं, निदान कुणाशी बोलतोय.” म्हणजे गटामुळे आजार आला नव्हता. आधीच आलेल्या, नाव नसलेल्या अनुभवाला गटाने शब्द पुरवले होते.

एक गोष्ट मात्र खरी निघाली. आपल्यावर पाळत आहे, असं क्ष सांगायचे. घटनेच्या दोन महिने आधीपासून पहारेकरी त्यांच्या फेऱ्यांची नोंद ठेवत होता आणि कंपनीने त्याबद्दल पोलिसांत तक्रारही दिली होती. रिचर्ड निक्सन यांच्या काळात वॉटरगेट या राजकीय घोटाळ्याबद्दल बोलणाऱ्या, त्यांच्या ॲटर्नी जनरलच्या पत्नी मार्था मिचेल यांना मानसिक रुग्ण ठरवण्याचा प्रयत्न झाला होता, आणि पुढे त्यांचं बरंचसं खरं ठरलं. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ही चूक टाळायची, तर प्रत्येक दाव्याची शहानिशा करावी लागते. आम्ही ही नोंद अहवालात ठळकपणे घेतली. पाळत खरी होती, पण तिचं कारण क्ष यांच्या फेऱ्या हे होतं. आणि त्यांचा भ्रम त्या पाळतीच्या कितीतरी आधीपासूनचा होता.

भ्रमाच्या जोडीला आवाज आणि विचार काढून घेतले जाण्याचा अनुभव होता, म्हणून आमचं निदान भ्रमविकार नव्हे, तर स्किझोफ्रेनिया असं झालं. विश्वासाची दृढता, त्यात मन गुंतून राहणं आणि त्यापायी होणारा त्रास ही तीन अंगं पीटर्स आणि सहकाऱ्यांच्या १९९९ च्या प्रश्नावलीत वेगवेगळी मोजली जातात, आणि अहवालातही आम्ही ती वेगळी लिहिली. दृढतेत क्ष आणि गटातला कट्टर सदस्य यांच्यात फरक दाखवता आला नसता. फरक बाकीच्या दोन अंगांत होता.

निदानापासून जबाबदारीपर्यंत

निदान झालं म्हणजे माणूस निर्दोष सुटतो, असं नाही. ज्या देशांचे कायदे १८४३ च्या मॅकनॉटन नियमांवर उभे आहेत, तिथे प्रश्न असा असतो: आजारामुळे त्याला आपण काय करतोय हे कळत नव्हतं का, किंवा ते चुकीचं आहे हे कळत नव्हतं का? या नियमांचा उगम आमच्या प्रकरणाशी जुळणारा आहे. सत्ताधारी टोरी पक्षाचे लोक आपला छळ करतायत, असं डॅनियल मॅकनॉटन मानत होता. त्याने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. राजकीय मजकूर आणि खाजगी भ्रम यांची गुंतवळ तेव्हाही होती.

क्ष यांना आपण आग लावतोय हे कळत होतं. कॅमेऱ्यावरचं कापड आणि हातमोजे बघता हे बेकायदा आहे, हेही कळत होतं. पण मॅकनॉटन नियमांत आणखी एक भाग आहे: एखाद्या भ्रमाच्या आहारी गेलेल्या माणसाची जबाबदारी भ्रमातली परिस्थिती खरी आहे असं धरून ठरवावी. समोरचा आपला जीव घेतोय असं मानून स्वतःला वाचवायला केलेलं कृत्य माफ होऊ शकतं. त्याने आपलं नुकसान केलं असं मानून उगवलेला सूड होत नाही. घटनेच्या दोन दिवस आधी क्ष यांना आवाज आला होता: “आता शेवटचं काढून घेऊ.” शेवटचं म्हणजे श्वास, अशी त्यांची खात्री होती. हे स्वसंरक्षण झालं. पण पुढचे दोन दिवस त्यांनी साहित्य जमवलं, आणि पोलिसांना दिलेल्या जबाबात लोकांवरच्या प्रयोगांचं कारण सांगितलं. त्यात गटाचा हेतूही होता.

अहवालात एकच निष्कर्ष लिहावा, असा आग्रह पथकातच होता. आम्ही तो मानला नाही. भ्रमातून आलेला भाग आणि कटसिद्धान्तातून आलेला भाग वेगवेगळे लिहिले, प्रत्येकाखाली पुरावा दिला, आणि दोन्हींचं वजन ठरवणं न्यायालयावर सोडलं. ते काम आमचं नव्हतं.

न्यायालयाने आजार मान्य केला, पूर्ण दोषमुक्ती दिली नाही, आणि तुरुंगाऐवजी सुरक्षित रुग्णालयात उपचार व ठरावीक काळाने आढावा असा आदेश दिला.

उरलेला विश्वास

रिस्पेरिडोन हे मनोविकारावरचं औषध सुरू केल्यावर तीनेक आठवड्यांत आवाज विरळ झाले. दहाव्या आठवड्यात क्ष यांनी आपण होऊन सांगितलं की दिव्याचं बहुधा सैल जोडणीमुळे होत असावं. वही त्यांनी मागून घेतली, वाचली, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आईबद्दल बोलले. दवाखान्यात न्यायला उशीर झाला या अपराधी भावनेवरचं काम तिथून सुरू झालं.

टॉवर घातक आहेत, कंपन्या हे दडवतात, हा विश्वास मात्र तसाच राहिला. “ते मी सोडणार नाही,” ते शांतपणे म्हणाले, “त्याचा माझ्या आजाराशी संबंध नाही.”

इथे वॉर्डात खरा मतभेद झाला. भ्रम पूर्ण गेलेला नाही, मात्रा वाढवावी, असं काहींना वाटत होतं. त्यामागे भीती होती आणि ती समजण्यासारखी होती, कारण एका माणसाचा हात भाजला होता. आम्ही मात्रा वाढवली नाही. उरलेला विश्वास वाचून, ऐकून बनलेला होता, त्याची वाट ते सांगू शकत होते, तो सगळ्यांबद्दल होता, आणि “असतीलही काही गोष्टी फुगवलेल्या” असं म्हणण्याइतका तो सैल होता. अशा विश्वासावर मनोविकाराचं औषध चालत नाही. चालवायचा प्रयत्न केला असता, तर एखाद्याच्या मताला औषध दिल्यासारखं झालं असतं, आणि दुसऱ्या भेटीत त्यांनी जी भीती बोलून दाखवली होती ती आम्हीच खरी केली असती.

याचा अर्थ धोका संपला असा नाही. आजार नसलेली माणसंही टॉवर पेटवतात. म्हणून धोक्याचं मूल्यमापन दोन रुळांवर ठेवलं. हिंसेचा धोका तपासण्याच्या एचसीआर-२० या पद्धतीच्या तिसऱ्या आवृत्तीच्या चौकटीत आजाराशी निगडित घटक वेगळे: झोप बिघडणं, नोंदवही पुन्हा सुरू होणं, औषध चुकणं, खिडक्या टाळणं. कटविश्वासाशी निगडित घटक वेगळे: कुणाशी संपर्क आहे, हिंसेचं समर्थन करतात का, तक्रार मांडायला कायदेशीर मार्ग वापरतात का. या दुसऱ्या रुळावर औषधाऐवजी बोलणं, कामधंदा आणि माणसांचा सहवास हेच उपाय होते. फोनवर बंदी घालण्याची सूचना आली होती, ती स्वीकारली नाही. त्या गटाने त्यांना आजारी म्हणून ओळखलं होतं. बाहेरच्या कुणीच तोवर ते केलं नव्हतं. ज्या घराच्या खिडकीतून तो टॉवर दिसतो तिथे मात्र परत जायचं नाही, ही अट क्ष यांनी स्वतःच सुचवली.

वेगळं काय करता आलं असतं

अशा प्रकरणात एका भेटीवर अहवाल देऊ नये. आणि नातेवाइकांशी बोलल्याशिवाय तर देऊच नये. क्ष यांच्यासारखी माणसं आधी आपलं समाजमान्य रूप दाखवतात, आणि आज कटसिद्धान्त हे बऱ्यापैकी समाजमान्य रूप आहे. जप्त केलेली कागदपत्रं आणि संदेश तज्ज्ञांना पहिल्या आठवड्यात मिळायला हवेत. सहा आठवडे क्ष कोठडीत उपचारांविना होते, रात्री त्या दोघांचं बोलणं ऐकत. कोठडीतल्या डॉक्टरांना ते औषध सुरू करता आलं असतं; खटल्याचा निष्कर्ष आणि रुग्णाचा उपचार एकमेकांसाठी अडवून ठेवायची गरज नव्हती.

अहवाल लिहिताना प्रत्येक विधानापुढे ‘हे गटात आहे’ की ‘हे फक्त आरोपीचं आहे’ असा रकाना आम्ही आखला होता. असा तक्ता बचाव पक्षाच्या तज्ज्ञांनी केला असता, तर पाचांतले उरलेले दोन मुद्दे, म्हणजे दिव्याचे संकेत आणि विचार ओढले जाणं, यांवरच त्यांचं निदान उभं राहिलं असतं आणि उलटतपासणीत टिकलं असतं.

पहारेकऱ्याचं म्हणणं प्रकरणात फार उशिरा आलं. घटनेआधीचे दोन महिने क्ष यांना रोज रात्री पाहणारा तो एकटाच माणूस होता. ते टॉवरशी बोलतात, हे त्याने नोंदवहीत लिहिलं होतं. कंपनीची तक्रार अतिक्रमणाची होती. त्यात हा तपशील गाळला गेला. तो पोलिसांपर्यंत गेला असता, तर कदाचित आधी एखादा डॉक्टर त्यांच्या घरी पोचला असता.

आणि बहिणीने घटनेच्या पाच महिने आधी क्ष यांना एका डॉक्टरकडे नेलं होतं. तिथे क्ष यांनी टॉवर आणि लहरींबद्दल सांगितलं. डॉक्टरांनी मोबाइल कमी बघायला सांगून त्यांना परत पाठवलं. ती भेट दहा मिनिटांची होती आणि टॉवरबद्दल असं बोलणारे अनेक लोक त्या डॉक्टरांकडे येत असणार. तरी अशा वेळी दोन प्रश्न विचारायला वेळ लागत नाही: हे सगळ्यांना होतं की फक्त तुम्हाला? आणि रात्री झोप लागते का? क्ष यांनी पहिल्याचं उत्तर कदाचित टाळलं असतं. बहीण शेजारीच बसली होती. ते न्हाणीघरात झोपतात, हे तिने सांगितलं असतं.